फाटकापर्यंत ओतलेलं पाणी

टी. नगरमधल्या आमच्या गल्लीत आता घरं कमी आणि साड्यांची दुकानं जास्त झाली आहेत. तरी एका दारात अजून सकाळी शेणाचा सडा पडतो. फिरून येताना तो ओला, हिरवट वास नाकात शिरतो. इतरांना त्यानं प्रसन्न वाटत असेल. माझी मान मात्र आपोआप खाली जाते. आज चेन्नईत राहणारा मी त्या वासासरशी मद्रासेतला कॉलेजकुमार होतो आणि सभागृहाच्या मागच्या बाकावर अंग चोरून बसतो.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. सिलोन, मलाया, पूर्व आफ्रिका अशा ठिकाणांहून मुलं आमच्याकडे शिकायला येत. त्यांच्यापर्यंत ख्रिस्ताचा संदेश पोचावा म्हणून कॉलेजात एक आठवडा योजला होता. रोज संध्याकाळी गाणी, प्रवचन, मग चहा आणि केक. आम्ही तंजावरकडून आलेले मराठी, घरात सोवळं कडक. प्रवचनाशी माझं देणंघेणं नव्हतं, केकशी होतं, म्हणून मीही जात असे. एका संध्याकाळी पाद्रीसाहेबांनी शहरातल्या मुलांना विनंती केली, एकेका परदेशी मित्राला घरी जेवायला न्या. वर्गात माझ्या शेजारी बसणारा केनियाचा उंच, हळू बोलणारा मुलगा माझ्याकडे पाहून हसला, आणि मी भरात हो म्हणून बसलो.

अम्मानं नाही म्हटलं नाही. उलट सकाळपासून राबून तिनं पुरणपोळीचा घाट घातला. पण पाहुण्याचं केळीचं पान मांडलं ते बाहेर, रस्त्याकडच्या ओट्यावर, एकट्याचं. तो मन लावून जेवला, हात जोडून निघाला. तो फाटकाशी बुटांचे बंद बांधत होता तोच अम्मानं शेण कालवलेलं पाणी घागरी घागरी ओतायला सुरुवात केली. आमच्याकडे जेवणानंतर पानाखालची जागा शेणानं पुसतातच, घरच्या माणसांचीसुद्धा. त्या दिवशी मात्र ओटा, पायऱ्या, अंगण, थेट त्याच्या टाचांपर्यंत पाणी गेलं. त्यानं वळून पाहिलं, पुन्हा हात जोडले आणि गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या संध्याकाळी पाद्रीसाहेबांनी विचारलं, या आठवड्यात देवाचं प्रेम कुणाला कुठे दिसलं? कुणी गाण्यात म्हणालं, कुणी प्रार्थनेत. मग तो उठला.

"माझ्या या मित्राच्या घरी," तो म्हणाला. "त्यांनी मला सगळ्यांत पुढे, एकट्याला बसवलं. निघालो तेव्हा त्याच्या आईनं माझ्या वाटेवर पाणी ओतलं. माझ्या आजीशिवाय माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं. आमच्याकडे लांब जाणाऱ्या आपल्या माणसामागे असंच पाणी ओततात."

सभागृहातल्या मद्रासच्या प्रत्येक माणसाला त्या पाण्याचा अर्थ ठाऊक होता, ख्रिस्ती असो की हिंदू. कुणी हसलं नाही. एकेक करून माना खाली गेल्या. त्याला वाटलं, प्रार्थना सुरू झाली. त्यानंही डोळे मिटले.

घरी येऊन मी अम्माला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "तेला अजून एकदा बोलाव. आतच पान मांडतें."

आजोबांशी त्यावरून तिचा काय वाद झाला ते मी ऐकलं नाही; ते त्या दिवशी जेवले नाहीत एवढं खरं. तो आला, आमच्या पंगतीत माझ्या मांडीला मांडी लावून जेवला. अम्मानं स्वतः वाढलं. पण आत बसवल्यानं तो काहीसा हिरमुसल्यासारखा दिसला. निघाला, बूट घातले, फाटकाबाहेर पडला आणि तिथंच थांबला. वळून पायऱ्यांकडे पाहत राहिला.

तो कशाची वाट पाहतोय हे आधी अम्माला कळलं. ती आत गेली, पिण्याच्या पाण्याची घागर उचलून आणली आणि फाटकापर्यंत धार धरली. त्यानं समाधानानं हात जोडले आणि रस्त्याला लागला.

अम्मा जाऊन खूप वर्षं झाली. तो जिथे असेल तिथे नातवंडांना सांगत असेल, मद्रासेत पाहुणा निघाला की त्याच्या वाटेवर पाणी ओततात. त्याच्याकडे तेवढं राहिलं असावं. माझ्याकडे सकाळचा हा वास राहिला आहे.