तीन मिनिटांचे समोसे

प्रमोद गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मीच कामठ्याला त्याच्या घरी नेली. विमानतळावरच्या अग्निशमन गाडीचा मी चालक. त्याच्या पडलेल्या लहान विमानापाशी सगळ्यात आधी पोचलो तोही मीच. दीड महिना झाला. लोक म्हणतात, लिही, मन हलकं होईल. ते हलकं होऊ नये म्हणून लिहितो आहे.

आम्ही एका बाकावरचे. तो वैमानिक झाला, पुढे नव्या पोरांना विमान शिकवू लागला. मोठं विमान उतरताना पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन भोवरे सोडून जातं. ते दिसत नाहीत, हळूहळू खाली बसतात, आणि वारा पडलेला असला तर तिथेच घुटमळतात. लहान विमान त्यात सापडलं तर पालथं होतं. प्रमोदला हे पुस्तकाआधी बापाने, सोमाजीकाकांनी, शिकवलं होतं. काकांचं खळं धावपट्टीच्या टोकापलीकडे. विमान डोक्यावरून जायचं, सगळं शांत व्हायचं, आणि मग धानाच्या राशीवरचा भुसा उडायचा. म्हणून विमान दिसलं की काका राशीवर ताडपत्री टाकून तिच्या कडेवर बसत. "आवाज गेला म्हंजे विमान गेलं नाही, बाबू," म्हणत.

त्यामुळे मोठ्या विमानामागे उतरायचं असलं की प्रमोद तीन मिनिटं तरी थांबायचा, आकाशात आणखी एक फेरी मारायचा. आम्ही खाली कँटीनमध्ये हसायचो. "पायलट हायेस का बैलगाडीवाला गा?" फेरी मारली की त्याने सगळ्यांना समोसे द्यायचे, असा नियमच होता. तो मी काढला होता. तोही हसत द्यायचा... कधी कुरकुरला नाही.

त्या दिवशी पान हलत नव्हतं. उड्डाणाआधी तो चहाला आला, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांसमोर मी ओरडलो, "मोठं विमान येऊन राहिलं. पोरांनो, समोसे पक्के!" सगळे खिदळले. त्याचे कान लाल झाले. "आज नाही खाऊ घालत बे," एवढंच बोलून तो गेला. विमानात एकटाच होता. टॉवरने त्याला सावध केलं होतं. तरी तो मोठ्या विमानाच्या पाठोपाठ खाली आला. झाडाच्या उंचीवर त्याचा एक पंख खाली गेला, आणि विमान उलटं झालं.

काकांना मी सांगितलं, वाऱ्यानं झालं. ते म्हणाले, "वारा कुठं होता गा?"

गेल्या आठवड्यात खरं सांगायला खळ्यावर गेलो. मोठं विमान डोक्यावरून गेलं. आवाज विरला तशी मी उगाच मदत म्हणून राशीवरची ताडपत्री काढायला तिची कड उचलली. काकांनी मनगट धरलं.

"थांब."

"काका, मीच हासलो होतो त्याले. पोरांसमोर."

"मालूम आहे. पोरं सांगून गेले."

मनगट न सोडता त्यांनी मला शेजारी बसवलं. आम्ही दोघं कडेवर हात दाबून बसलो. थोड्या वेळाने, सगळं शांत असताना, ताडपत्री हाताखाली फडफडायला लागली. खूप वेळ फडफडली. मग थांबली.

काकांनी माझं मनगट सोडलं. म्हणाले, "आता जा."