सातव्या मजल्यावरचं लुगडं

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर मोताळ्याला, शेतात कापूस. धाकटे काका मात्र मुंबईला एका परदेशी कापूस कंपनीत कारकून होते. वऱ्हाडातल्या कापसाचा भाव ठरवणाऱ्या माणसांना चहा नेऊन देणारा शिपाईसुद्धा काकांच्या हाताखाली होता, असं ते सांगत. त्यामुळे गावात आमचा भाव जरा वधारलेला.

एका दिवाळीला काका-काकू आले. काकूंनी आईसाठी गुलाबी नायलॉनची साडी आणली. आम्ही सगळ्या बाया ती मुठीत दाबून पाहत बसलो. सोडली की एक सुरकुती नाही.

काकू म्हणाल्या, "जाऊबाई, मला तुमची ती तांबड्या काठाची दोन लुगडी द्याल का? जुनीच द्या."

"जुनी काऊन? नवी नेसा ना," आई म्हणाली.

"नको, धुऊन धुऊन मऊ झालेलीच हवीत."

आईला कोण आनंद झाला! मुंबईची जाऊ आपलं लुगडं नेसणार, हे तिने बाजारात चार जणींना तरी सांगितलं.

पुढच्या नाताळात आम्ही मुंबईला गेलो. काकांची एकच खोली. मी आणि आई बाहेर गॅलरीत झोपायचो. काकांच्या साहेबाने कचेरीतल्या लोकांना घरच्यांसकट चहाला बोलावलं होतं. आई नायलॉनची साडी नेसली. पाच वारात तिला सारखं उघडं उघडं वाटत होतं, म्हणून वरून तिने शाल गुंडाळली. मुंबईच्या उकाड्यात!

साहेबाचं घर सातव्या मजल्यावर. आत पाऊल टाकताच आई थबकली. समोरच्या मोठ्या खिडकीवर तिची दोन्ही लुगडी टांगलेली होती.

"हे तं माह्यं लुगडं व्हय!" आई मोठ्याने म्हणाली.

काकू भिंतीकडे पाहू लागल्या. साहेबाच्या मडमेने हसून, या काय म्हणाल्या, असं विचारलं, तेव्हा काकांनी इंग्रजीत सांगितलं, की वहिनींना पडदे फार आवडले. माझी शाळेतली इंग्रजी तेवढी समजण्याइतकी होती.

मडम खूश झाली आणि आईला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेली. आईने समुद्र पाहिला, खाली पाहिलं, मग मला म्हणाली, "अवं, इतक्या उंचावर पाह्यते कोण? पडदा लावला कायले?"

मग तिचं लक्ष वर गेलं. एक लुगडं उलटं टांगलेलं होतं. आईला ते सहन होईना. तिने शाल माझ्याकडे फेकली, साडीचा पदर खोचला आणि स्टुलावर चढली. मडमही दुसऱ्या स्टुलावर चढली. दोघींनी मिळून लुगडं सुलटं लावलं. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण दोघी हसत होत्या. साहेब आणि कचेरीतले लोक कप हातात धरून बघत राहिले. काका मात्र कुणाकडेच बघत नव्हते.

परतताना मला वाटलं, आईला वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, "माह्यं लुगडं समुद्र पाहत हवा खाऊन राह्यलं, अन् आपण गॅलरीत. त्याचं नशीब मोठं." आणि पोट धरून हसली. काकूंशी मात्र दोन दिवस बेताचंच बोलली.

महिन्याभरात काकांचं पत्र आलं. मडमेच्या मैत्रिणींनाही तसेच पडदे हवे होते, लुगड्यांचे पैसे मडम पाठवायला तयार होती. अट एकच: मऊ झालेली लुगडी पाहिजेत, कोरी नकोत.

आईने बाजारातून सहा नवी लुगडी आणवली आणि वापरायला काढली. आज तांबड्या काठाचं, उद्या हिरव्या. नदीवरच्या बाया विचारायच्या, घरात लग्न काढलं का?

बाबांनीही एकदा विचारलं, "काऊन वं, रोज नवं लुगडं?"

"मुंबईच्या खिडक्यांसाठी नेसून राह्यली मी," आई म्हणाली आणि घागर उचलून पाण्याला गेली.