हॉलिसची काठी

त्या शनिवारी सकाळी माझा मोठा भाऊ हॉलिस उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघरात उभं राहून टाळ्या वाजवायला लागला. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची फायनल होती, आसपासच्या सगळ्या कॉलेजांतली, तीही आमच्याच गावात, मिसिसिपीत असं कुठे रोज होतं. मी म्हणलं, दादा वेडा झालास का, अजून मॅच सुरू नाही झाली. तर म्हणतो, "तिथे वाजवता येत नाहीत ना, म्हणून आधीच वाजवून घेतो."

खरंच येत नाहीत. हॉलिस मैदानाच्या कडेला साखळी धरायचा. दहा यार्ड मोजायची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या, एक हॉलिसकडे, दुसरी त्याच्या दोस्ताकडे, डबकडे. टीमनं चेंडू तेवढा पुढे नेला का नाही ते त्या साखळीवर ठरतं, म्हणून साखळीवाल्यानं ओरडायचं नाही, टाळी नाही, काही नाही. आठवडाभर कोंबड्या कापायच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवारी तिथे उभा. वहिनी वारली त्या आठवड्यातसुद्धा गेला. मी चिडले तर म्हणाला, मग काठी कोण धरणार.

खेळाडू अंगावर आला की काठी टाकायची आणि मागे सरायचं, हा त्यांचा नियम. त्याला मागे जागा लागते. एरवी असते. पण फायनल म्हणून कॉलेजनं देणग्या देणारे बडे लोक गळ्यात पास घालून थेट कडेला आणून उभे केले. फोटो काढत होते मेले. डब सांगतो, हॉलिसनं दोनदा म्हटलं त्यांना, साहेब जरा मागे सरा. त्यातला एक हसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही तुमची काठी सांभाळा. इथलं गवतसुद्धा माझ्या पैशाचं आहे." मग हॉलिस खेळ खात्याच्या साहेबाकडे गेला, पेंडर त्याचं नाव. पेंडर म्हणाला, आजच्या दिवस चालवून घे.

घेतलं चालवून. मॅच अर्ध्यावर गेली आणि आमचाच एक पोरगा चेंडू घेऊन रेघेबाहेर सुटला. हॉलिसनं काठी टाकली, मागे सरला आणि पाठ त्या लोकांच्या पोटांवर आदळली. जागाच नाही. पोरगा अंगावर आला आणि हॉलिसचं डोकं शेजारच्या लोखंडी बाकाच्या कडेवर. त्याला उचलून नेलं, काठी दुसऱ्याच्या हातात दिली, मॅच चालू. मी दवाखान्यात पोचले तर गेला होता. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, आम्ही जिंकलो म्हणून.

लोक मला म्हणतात, जिथे जीव रमायचा तिथेच गेला, भाग्यवान. आग लागो त्या भाग्याला. मागे दोन पावलं जागा मिळाली असती तर घरी येऊन शेंगा खाल्ल्या असत्या त्यानं.

दफनाच्या दिवशी पेंडर आला, तो गवतवालाही आला. खड्ड्याच्या अगदी काठाशी पुढे येऊन उभे. पेटी आणणाऱ्यांना पाय टाकायला जागा नाही. डबनं पेटीचा पुढचा कोपरा धरला होता, तो थांबला. आवाज न चढवता म्हणाला, "मागे सरा."

सरले. दोघंही सरले, बूट चिखलात गेले तरी. सरता येत होतं की त्यांना.

पेटी खाली गेली तेव्हा मी हॉलिसच्या राहिलेल्या टाळ्या वाजवल्या. पास्टर प्रार्थना सुरू करणार होते, ते माझं होईपर्यंत थांबले.