नोलची मागची बाजू

काश्मीरमध्ये आमच्या पोस्टसमोर एक नोल होता. नोल म्हणजे लहान, गोलसर टेकडी. फौजेत हा शब्द दिवसातून दहादा तोंडात येतो: "सामने नोल, दाहिना ढलान." ऐकणाऱ्याला वाटतं, किरकोळ उंचवटा.

मी हवालदार. घर पेणच्या मूर्तिकारांचं, म्हणून पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघण्याआधीचं सँड मॉडेल माझ्याकडे. वाळूत सगळा मुलूख उभा करायचा, जवानांनी तो डोळ्यांत भरून घ्यायचा. नकाशात नोल म्हणजे एक गोल रेघ. पण टेहळणीच्या रेकीला मी त्याच्या बगलेवरून गेलो होतो. मागची बाजू कापल्यासारखी, खाली माणसं दडतील एवढी खोबण. मॉडेलमध्ये ती कोरायला घेतली.

कंपनी कमांडर मेजरसाहेब म्हणाले, "उस्ताद, गणपती नहीं बना रहे. नोल है. गोल कर दो."

सगळे हसले. मी "जी साब" म्हणालो आणि तळहातानं खोबण बुजवली.

ब्रीफिंगनंतर पेट्रोलचा स्काउट, सगळ्यांत पुढं चालणारा नाईक बबन शेलार, माझ्याकडे आला. "उस्ताद, मागं काय हाय?"

"काही नाही. नोल आहे."

पहाटे वायरलेसवर त्याचा आवाज आला. "नोल क्रॉस कर रहा हूँ. ओव्हर."

मग फायर. नोलच्या मागून.

"शेलार, रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर आलं नाही.

साहेबांचा राग मला अजून येतो. पण साहेबांनी ती बाजू पाहिली नव्हती. मी पाहिली होती. चौकशीत मी सांगितलं, नकाशात दिसत नव्हतं. भेकड साला.

आता लखनौला, जानकीपुरममध्ये राहतो. मुलगी सायली अलीगंजच्या शाळेत भूगोल शिकवते. परवा वर्गासाठी टेकड्या-दऱ्यांचं मातीचं मॉडेल करून दे म्हणाली. मी नोलपाशी अडकलो.

"बाबा, इतना क्या कर रहे हो? बुक में राउंडेड लिखा है. गोल कर दो ना, यार."

"तुझ्या बुकवाल्यानं मागं जाऊन पाहिलंय का?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

"हुआ क्या, बाबा?"

तेव्हा घरात पहिल्यांदा बबनचं नाव घेतलं. सगळं सांगितलं, चौकशीसकट. माती वाळायच्या आत खोबण सायलीनं स्वतःच्या अंगठ्यानं आणखी खोल केली.

वर्गात तिनं एकेका मुलाला उठवून मागच्या बाजूनं बघायला लावलं.

बबननं तेवढंच मागितलं होतं.