टाय लावलेला हल्लेखोर

नॉटिंगहॅमच्या पोलीस ठाण्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती केस मनातून जात नाही. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. सरकारी हॉस्पिटलात सर्जन असलेल्या एक मराठी बाई संध्याकाळी बसस्टॉपवर उभ्या राहून फोनवर मराठीत बोलत होत्या. "तुझ्या देशात चालती हो," असं ओरडत एकाने त्यांना ढकललं. उजवं मनगट मोडलं.

रस्त्यापलीकडच्या दोन साक्षीदारांनी वर्णन दिलं: तुळतुळीत डोकं, मानेवर टॅटू. तेव्हा टीव्हीवरच्या एका गुन्हेमालिकेत नेमका असाच खलनायक होता. डॉक्टरबाई मात्र ठाम होत्या. "अहो, त्याने टाय लावला होता, केस नीट विंचरलेले. ऑफिसमधून घरी निघालेला माणूस. मी तो चेहरा विसरणार नाही."

स्थानिक पेपरात ते टकल्याचं वर्णन छापून आलं आणि काही दिवसांनी एक वृद्ध इंग्रज बाई ठाण्यात आल्या. "ते माझ्या मुलाने केलं," त्या म्हणाल्या. "काल मालिका बघताना तो हसून म्हणाला, पोलीस असलाच टकल्या शोधत बसणार. आणि मग सगळं सांगितलं मला, अगदी सहज."

मालिकेत अधिकारी टेबलावर मूठ आपटतो आणि आरोपी कबुली देतो. त्या बाईंच्या मुलाला चौकशीला आणलं तेव्हा आमच्याकडे टेप चालू, वकील शेजारी आणि प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट". शेवटी मी विचारलं, "तुमच्या आईंनी जबाब दिलाय. त्या खोटं बोलतात का?"

त्याने वकिलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती खोटं बोलत नाही."

ओळख परेडमध्ये डॉक्टरबाईंनी त्याला लगेच ओळखलं. तरी कोर्टात त्याने चुकून धक्का लागल्याचा बचाव घेतला. आईला साक्षीला उभं राहावं लागलं. मुलाकडे बघतच तिने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. एक शब्दही तिने मवाळ केला नाही. तो दोषी ठरला.

कोर्टाबाहेर म्हातारीची सून तिच्याशी न बोलता निघून गेली. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "त्यांना घरी कोण सोडणार?" आणि उत्तराची वाट न बघता त्या म्हातारीशेजारी जाऊन बसल्या.

"हात बरा आहे का?" म्हातारीने विचारलं.

"पेशंटचं ऑपरेशन अजून नाही करता येत," बाई म्हणाल्या. "चला, माझी गाडी आहे."

मालिकांमधला द्वेष करणारा माणूस कुणाचाच मुलगा नसतो, म्हणून त्याला पकडणं सोपं असतं. या माणसाला आई होती, तिचा त्याच्यावर जीव होता आणि तरी ती खरं बोलली. इतकी वर्षं वर्दी घातली, पण तेवढं धैर्य मला कधी लागलं नाही.