राहिलेली रेघ

वेबसाइटचा पत्ता टाइप करताना मी अजूनही सुरुवातीचं एचटीटीपी, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि तीन डब्ल्यू सगळं लिहिते. काल ऑफिसातली एक मुलगी हसली, "ताई, हे आता कोण लिहितं?" मी उरलेला पत्ता टाइप केला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बनारसला दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीतून बाबा आणि मी चालत सायबर कॅफेत गेलो होतो. पुण्याच्या एका कॉलेजची प्रवेशयादी बघायची होती. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी जाऊ नये असं बाबांना वाटत होतं. ते तसं म्हणाले नव्हते, पण आठवडाभर त्यांचं जेवण कमी झालं होतं.

बाबा वेदपाठी. कागदावरचा पत्ता ते प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, पाठ सांगावा तसा मोठ्यानं सांगू लागले. लोक वळून बघत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मी मान खाली घालून टाइप करत होते.

"पंडितजी, शुरू का छोड़ दीजिए, खुल जाएगा," मालक म्हणाला.

"पाठ में अक्षर नहीं छोड़ते, भैया. छूटा तो फल नहीं मिलता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थांब बेटा, एक रेघ राहिली."

मी ती रेघ घातली. पान सावकाश उघडलं. यादीत माझं नाव होतं.

तेव्हा मला फक्त लाज वाटली होती. ती रेघ राहिली तर पान उघडणार नाही आणि मी घरीच राहीन, अशी बाबांची खात्री होती. तरी त्यांनी ती मला घालायला लावली.