बॅटरीवरचं पोकलेन

वीस वर्षं मी पोकलेन कानांनी चालवलं. बकेटखाली मुरूम आहे की काळा पाषाण, हे मला इंजिनाच्या घरघरीवरून कळायचं. घरी बायको म्हणायची, "हळू बोला, तुम्ही साईटवर नाही आहात." अशा माणसाच्या हाती मालकाने गेल्या वर्षी बॅटरीवरचं मशीन दिलं. नाशिकमध्ये एका दवाखान्याच्या मागे नवी इमारत उभी राहायची होती आणि पेशंटना धूर नको, आवाज नको, अशी अट होती. अट चुकीची नव्हती. डिझेलच्या धुराने मीच किती वर्षं खोकत होतो. तरी मला त्या मशीनचा पहिल्या दिवसापासून राग आला. लिव्हर सोडला की ते मेल्यासारखं गप्प व्हायचं. चालू आहे की बंद, काही पत्ता लागायचा नाही.

शिकवायला आलेला इंजिनिअर चार्जिंग कसं करायचं, स्क्रीनवर काय दिसतं, हे दोन तासांत सांगून गेला. उतरताना चावी काढा, असंही म्हणाला असेल. वीस वर्षांची सवय दोन तासांत जाते थोडीच!

साईटवर एक रीत आहे. मशीन थांबलं की मजूर त्याच्या सावलीत जेवायला बसतात. झाडं आम्हीच आधी पाडलेली असतात. कुणी कुणाला विचारत नाही. आवाज थांबला म्हणजे सुट्टी झाली, एवढं पुरतं. हरसूलकडून आलेली एक बाई रोज मशीनच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीजवळ डबा उघडायची.

एका दुपारी मी खाली उतरलो. मशीन गप्प होतं म्हणजे बंद होतं, असं मी धरून चाललो. चार पावलं गेल्यावर मोबाईल आत राहिल्याचं आठवलं. परत जाऊन, पायरीवर उभं राहूनच आत हात घातला, तर कोपर लिव्हरला लागलं आणि अख्खं मशीन गर्रकन फिरलं. मागचं लोखंडी वजन भिंतीवर आदळलं. मध्ये बाईचा डबा होता. बाई नुकतीच नळावर पाणी आणायला उठली होती.

ती हातात तांब्या धरून त्या चपट्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, ह्याला आवाज नाय. आम्ही वळखायचं कसं?"



संध्याकाळी सुपरवायझरला म्हणालो, याला भोंगा लावा, चालू असेल तोवर वाजत राहील असा. तो हसला. "काका, आवाज नको म्हणूनच तर हे आणलंय ना!" इंजिनिअरला फोन लावला, तर तो म्हणाला, "चावी तुम्ही काढली नव्हती. चूक तुमची आहे." माझीच होती, मान्य. पण माझ्या एका चुकीवर तिचा जीव टांगलेला ठेवायचा, ही कुठली सुधारणा? मी दोघांवर चिडलो आणि त्याहून जास्त स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चावी काढली आणि सरळ बाईच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. सुपरवायझरने ते पाहिलं आणि धावत आला.

"एवढं महागाचं मशीन आणि चावी मजूर बाईकडे?"

"तिचं जेवण होईपर्यंत तिच्याकडेच राहील," मी एवढ्या जोरात ओरडलो की दवाखान्याच्या खिडकीतून नर्स डोकावली.

सुपरवायझर पुटपुटत निघून गेला. मला वाटलं, आता तरी बाई निवांत जेवेल. वळून पाहिलं, तर मशीनची सावली रिकामीच होती. चावी पदरात बांधून ती पार पलीकडे भर उन्हात बसली होती आणि मशीनकडे तोंड करून, त्याच्यावरची नजर न काढता फडक्यातली भाकर खात होती.